अर्धा टँकर

भरलेला टँकर परवडतो, रिकामाही परवडतो.
अर्ध्याचं काही खरं नाही.
ब्रेक दाबला की गाडी थांबते,
पाणी थांबत नाही.
ते मागून येतं, टाकीच्या पुढच्या पत्र्यावर आदळतं,
आणि थांबलेली गाडी पुन्हा सरकते,
हातभर, कधी दोन हात.

कळंबहून आलो तेव्हा वस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं हे.
मी मान हलवली होती.
मान हलवणं आणि कळणं
यांच्यामध्ये उंड्रीची ती शाळा आहे.

त्या दिवशी एका सोसायटीत अर्धं पाणी ओतून
उरलेलं पिसोळीला न्यायचं होतं.
कुलथे साहेबांचा चौथा फोन : कुठं पोचलात नवनाथ?
म्हटलं, पाच मिनिटांत.
पुण्यात सगळेच पाच मिनिटांवर असतात.

बारा वीस.
घंटा केबिनमध्ये ऐकू येत नाही.
आधी आडव्यातिडव्या लागलेल्या रिक्षा दिसतात,
मग एक पाय जमिनीवर टेकवून उभ्या स्कूटी,
आणि मग पोरं.
पोरं सुटत नाहीत, सांडतात.
फुटपाथ केबलवाल्यांनी उकरलेला, म्हणून रस्त्यावर सांडतात.
एकजण उलटा चालत होता,
मागच्याला काहीतरी सांगायचं राहिलं होतं म्हणून.

ती सायकलवर होती. सायकल तिच्याहून मोठी,
कॅरियरवर धाकटा भाऊ,
भावाच्या काखेत परीक्षेचं पॅड.
पॅड पडलं.
ती भर रस्त्यात उतरली आणि वाकली.
तिच्या हिशेबात त्या क्षणी
टँकरपेक्षा पॅड मोठं होतं.
त्या वयात तो हिशेब बरोबरच असतो.

मी ब्रेक दाबला.
गाडी थांबली.

मग पाणी आलं.

नंतर उतरून मोजलं. तीन वीत.
तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.
पॅड फ्रॉकला पुसलं,
भावाला म्हणाली, "नीट धर की रे,"
आणि गेली.
लाल झेंडी घेऊन उभ्या असलेल्या शेवंताबाई
धावत आल्या, मला वाटलं शिव्या देतील.
त्यांनी आपली बाटली पुढं केली.
पाठीमागं पाच हजार लिटर,
आणि माझ्या घशाला कोरड.

आता बारा दहाला हबीबभाईच्या पंक्चरच्या दुकानापाशी
गाडी बाजूला घेतो. पाऊण वाजेपर्यंत.
मालक म्हणतो, रोजची एक खेप बुडते.
बुडते. पगारात दिसतं.
घरी अजून नीटसं सांगितलेलं नाही.

मागच्या गाड्या हॉर्न देतात त्यांना एवढंच सांगतो,
हॉर्ननं पोरगं बाजूला होत नाही, दचकतं,
आणि दचकलेलं पोरगं कुठल्या बाजूला पळेल
हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.
तुमची गाडी लहान, ब्रेक नवे, मान्य.
पण तुमच्याही मागं काहीतरी हिंदकळतच असतं :
मीटिंग, हप्ता, रात्रीचं अर्धं राहिलेलं भांडण.
तुम्ही थांबता.
ते थांबत नाही.

हबीबभाई म्हणतो, तू फार बोलायला लागलास.
असेल.

टाकीचा नळ जरा गळका आहे.
उभ्या गाडीखालून पाण्याची एक धार
रस्ता ओलांडून पलीकडे जाते.
सुटलेल्या सायकली तिच्यावरून जातात,
प्रत्येक चाक आपली ओली रेघ घेऊन पुढं.
त्यातली तिची कुठली, मला सांगता येत नाही.
मी तिची वेणी तेवढी पाहिली होती.

कोपऱ्यापर्यंत रेघा दिसतात.
उन्हात वाळतात.
मग मी किल्ली फिरवतो.